बाबांच्या फ्लॅटवर आठ सह्या: ठाणे-नवी मुंबईत मृत्युपत्र आणि ट्रस्ट कसं करायचं

बाबा ऑगस्ट २०१९ मध्ये गेले, वय त्रेसष्ट. ठाण्यात वर्तकनगरला त्यांच्या एकट्याच्या नावावर, त्यांच्या कमाईतून घेतलेला टू बीएचके होता. सोसायटीत नॉमिनेशन आईच्या नावाने केलेलं होतं, म्हणून फ्लॅट आपोआप आईचा होईल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. सेक्रेटरींनी फॉर्म हातात दिला आणि म्हणाले, "ताई, आईंना आम्ही तात्पुरतं सभासद करून घेतो. कायमचं नाव लावायला बाकीच्या वारसांचं काय ते आणा."

बाकीचे वारस म्हणजे मी, माझा भाऊ आणि आजी. आजी, म्हणजे बाबांची आई, हिचाही फ्लॅटमध्ये वाटा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते काम पुरं व्हायला पुढे तीन वर्षं लागली. भांडण कुणाशीच नव्हतं, तरीही लागली. तुमच्या घरच्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून मी जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. मसुदा शेवटी वकिलाच्या नजरेखालून घालाच, पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं हे तरी तुम्हाला ठाऊक असेल.

१. मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते आधी समजून घ्या

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. लग्न झालेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो.

आमच्याकडे म्हणून चार वारस झाले. आजी म्हणाली, "मला काय करायचाय वाटा, आणा कुठे अंगठा लावायचा ते." तिला आम्ही हक्कसोडपत्र करायला निबंधक कार्यालयात नेलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर भांडी घासून आणि कोकणात भातं लावून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. अंगठ्याचं मशीन काही केल्या ठसा घेईना. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, दुसरं बोट लावून पाहिलं. शेवटी पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढच्या आठवड्यात आजीला न्यूमोनिया झाला आणि जानेवारी २०२० मध्ये ती गेली.

आजीचा पाव वाटा मग तिच्या वारसांकडे गेला: दोन काका, आत्या आणि बाबांच्या जागी आम्ही दोघं भावंडं. त्यानंतर लॉकडाऊन लागला. २०२१ मध्ये धाकटे काका कोविडने गेले आणि त्यांच्या जागी काकू आणि दोन मुलं आली. चाराचे आठ झाले. माझ्या एका चुलतभावाचा आमच्या फ्लॅटमधला वाटा अठ्ठेचाळिसावा होता, आणि तो सतरा वर्षांचा होता. अज्ञान मुलाचा हक्क कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, म्हणून तो अठरा पूर्ण होईपर्यंत आम्ही आठ महिने थांबलो. २०२२ च्या शेवटी आठ जणांच्या सह्या एका कागदावर आल्या. बाबांनी दोन पानं लिहून ठेवली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

(आजारी किंवा फार वयस्कर माणसासाठी निबंधकांना घरी बोलावण्याची तरतूद नोंदणी कायद्यात आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.)

बायकांनी ही पुढची गोष्ट नीट वाचा. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूलबाळ नसेल, नवराही हयात नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरी आई एकटी असेल आणि तिची काळजी तुम्ही घेत असाल, तर आजच लिहा.

मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांसाठी वाटपाचे नियम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात वेगळे आहेत.

२. यादी करा, आणि तुमचं नेमकं काय आहे ते ओळखा

एक वही घ्या. फ्लॅट, गावची जमीन, बँका, एफडी, पीपीएफ, पीएफ, विमा, डीमॅट, म्युच्युअल फंड, लॉकर, दागिने, गाडी, कुणाला दिलेले उसने पैसे आणि डोक्यावरची कर्जं. प्रत्येकापुढे खातं किंवा क्रमांक, कुणाच्या नावावर आणि नॉमिनी कोण ते लिहा. बाबांच्या गोदरेजच्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत एका सहकारी बँकेची पावती निघाली. ती ठेव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. दहा वर्षं कुणी मागितल्या नाहीत की अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या परत मागता येतात, 'उद्गम' या पोर्टलवर शोधताही येतात, पण आधी ठेव आहे हे कुणाला तरी माहीत हवं.

आपल्या भागात इथे चार ठिकाणी लोक फसतात.

*जोड नाव.* फ्लॅटवर नवरा-बायको दोघांची नावं असली म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याला सगळं आपोआप मिळतं असं नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. म्हणून दोघांनी आपापलं वेगळं मृत्युपत्र करा, आणि त्यात फक्त स्वतःच्या हिश्श्याबद्दल लिहा.

*सिडकोची जमीन.* ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर या भागातल्या बहुतेक सोसायट्या सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर आहेत. त्यामुळे वारसाचं नाव सोसायटीत लावून काम संपत नाही, सिडकोच्या दप्तरीही नोंद करून घ्यावी लागते. करारनामा, वाटपपत्र आणि आधीच्या हस्तांतरणांचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. माझ्या ऐरोलीच्या फ्लॅटची फाइल मी बाबांच्या अनुभवानंतर लावली, तर मधल्या एका मालकाचा कागदच नव्हता. तो मिळवायला चार महिने गेले. हे तुम्ही हयात असताना करा, मागच्यांना तो जुना मालक कुठे सापडणार?

*साडेबारा टक्क्यांचे भूखंड.* नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांना मोबदल्यात हे भूखंड मिळतात. अशा कुटुंबात भूखंड आजोबांच्या नावे मंजूर झालेला असतो आणि घर चालवणारा मोठा मुलगा तो आपलाच समजून मृत्युपत्रात पूर्ण लिहून टाकतो. त्याला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. वडिलोपार्जित शेतजमिनीचंही तसंच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे धरून हिस्सा मोजा.

*पागडीची खोली.* नौपाड्यात, चरईत, जुन्या ठाण्यात अजून पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहायच्या, इमारती आहेत. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. भाडेकरू गेला तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो भाडेनियंत्रण कायद्याने जातो. तिथे मृत्युपत्रापेक्षा रेशनकार्ड, आधार आणि वीजबिलावरचा पत्ता जास्त कामाला येतो.

३. नॉमिनेशन भरा, पण त्यावर विसंबू नका

नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी विश्वासाने पैसे किंवा जागा ताब्यात घेणारा माणूस असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं, आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं त्यामुळे बरोबरच होतं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते.

तरीही नॉमिनेशन टाळू नका, त्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. पीएफचं नॉमिनेशन लग्नाआधी केलं असेल तर लग्नानंतर ते रद्द ठरतं, नव्याने भरा. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी शक्यतो एकच ठेवा. दोन वेगळी नावं म्हणजे दोन माणसांना एकमेकांसमोर उभं करणं.

४. मसुदा लिहा

स्टँप पेपर लागत नाही. कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही पूर्ण कायदेशीर आहे. पाचशेच्या स्टँपवर करून देतो म्हणणारे बरेच भेटतील, त्यांना नाही म्हणा. भाषा साधी ठेवा. फ्लॅटचं काम मार्गी लागल्यावर आईने मृत्युपत्र केलं, त्याची सुरुवात अशी होती:

"मी खाली सही करणार, राहणार ठाणे, माझे मन व बुद्धी स्थिर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे माझे शेवटचे मृत्युपत्र करून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द समजाव्यात."

मग मालमत्तेचं वर्णन. 'माझा ठाण्याचा फ्लॅट' एवढं लिहून भागत नाही. सोसायटीचं पूर्ण नाव, सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि करारनाम्याचा नोंदणी क्रमांक लिहा. शेतजमीन असेल तर गाव, तालुका आणि गट क्रमांक सातबाऱ्यावरून जसाच्या तसा उतरवा.

प्रत्येक ठिकाणी दुसरं नाव द्या. आईने लिहिलं: "सदर सदनिका माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी मिळावी. त्यांपैकी कोणी माझ्याआधी वारल्यास त्याचा हिस्सा त्याच्या अपत्यांना समान मिळावा." हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

शेवटी एक कलम हवंच: वर उल्लेख नसलेली आणि पुढे माझ्या नावे होणारी बाकी सर्व मालमत्ता कुणाला. ते नसेल तर उद्या उघडलेली एफडी मृत्युपत्राबाहेर राहते आणि तेवढ्यासाठी पुन्हा वारसांची रांग लागते.

कुणाला कमी देत असाल किंवा वगळत असाल तर एका वाक्यात कारण लिहा, मन न दुखावता. "मुलाच्या परदेशातील शिक्षणासाठी मी पूर्वीच खर्च केला असल्याने" एवढं पुरतं. मुलं अज्ञान असतील तर त्यांचा पालक कोण तेही लिहा.

५. एक्झिक्युटर आणि साक्षीदार निवडा

एक्झिक्युटर म्हणजे तुमच्या मागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा. तुमच्याहून वयाने लहान, कागदपत्रांना न कंटाळणारा आणि सगळ्यांशी बोलू शकणारा माणूस निवडा. आधी त्याला विचारा.

साक्षीदार दोन लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका. वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात यावा लागतो, म्हणून बाबांच्या वयाचे मित्र नकोत, चाळिशीतला शेजारी किंवा फॅमिली डॉक्टर चांगला. डॉक्टरांकडून त्याच दिवसाचं, माणूस शुद्धीत आणि विचार करण्यास समर्थ असल्याचं प्रमाणपत्र घ्या. साठीच्या पुढच्या प्रत्येकाने हे करावं असं माझं ठाम मत आहे.

६. सही करा

दोन्ही साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख आणि ठिकाण, मग तुमच्यासमोर साक्षीदारांच्या सह्या. खाडाखोड झाली तर ते पान नव्याने छापा. ज्याला जास्त मिळणार आहे त्याने त्या वेळी खोलीत नसावं. आईच्या सहीच्या वेळी मी आणि भाऊ खाली गेटपाशी उभे होतो. कोर्टात पहिला संशय घेतला जातो तो 'लाभार्थीनेच लिहवून घेतलं' याचा.

७. नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचा खर्च नाममात्र आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हा गोंधळ मी कितीतरी ठिकाणी पाहिला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी माहिती भरून दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्या. सोबत हे न्या:

- सह्या केलेलं मूळ मृत्युपत्र आणि एक प्रत
- तुमचं आधार आणि पॅन, दोन फोटो
- दोन्ही साक्षीदार स्वतः, त्यांच्या ओळखपत्रांसह
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र
- मालमत्तेच्या कागदांच्या झेरॉक्स (मागितल्या तर)

बोटांचे ठसे पुसट असलेल्या माणसाला घेऊन जाणार असाल तर काय करायचं ते आधी विचारून घ्या. आम्ही या वेळी विचारलं.

गुपिताची काळजी करू नका. तुम्ही हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पण नोंदणी झाली म्हणजे ते कायमचं झालं असंही नाही. नंतर केलेलं, साध्या कागदावरचं का असेना, नियमाने केलेलं मृत्युपत्र आधीच्याला मागे टाकतं.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शिक्कामोर्तब करून घेण्याबद्दल, लोक फार घाबरवतात. प्रोबेटची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती, म्हणजे मुंबई शहर-उपनगरांपुरती होती. ठाणे आणि नवी मुंबई त्यात कधीच नव्हते. ज्या कलमात ती होती तेही संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. वाद असेल तर मात्र कोर्टात जावं लागतंच. तेव्हा लक्षात ठेवा: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. तलाठी, तहसील, कोर्ट सगळं त्यानुसार बदलतं.

८. ट्रस्ट कुणाला लागतो

सरसकट सगळ्यांना नाही. नवरा-बायको, दोन कमावती मुलं, एक फ्लॅट, एवढंच असेल तर मृत्युपत्र पुरतं. पण आमच्या ऐरोलीच्या इमारतीत एक कुटुंब आहे, त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या नावावर फ्लॅट आणि एफडी करून ठेवली तर उद्या त्या पैशाचे व्यवहार कोण करणार? इथे ट्रस्ट कामाला येतो.

खासगी ट्रस्टचा कायदा १८८२ चा आहे. यात तीन भूमिका असतात: मालमत्ता देणारा, ती सांभाळणारे विश्वस्त आणि जिच्या भल्यासाठी ती सांभाळायची ती व्यक्ती. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात ते सार्वजनिक ट्रस्ट वेगळे. ट्रस्ट हयातीतच करता येतो, किंवा मृत्युपत्रातच लिहिता येतं की माझ्या पश्चात अमुक मालमत्तेचा ट्रस्ट व्हावा. फ्लॅट हयातीतच ट्रस्टमध्ये टाकायचा असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो आणि मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो, तो आकडा आधी काढून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी म्हणून मधला मार्ग घेतला: थोडे पैसे आत्ता ट्रस्टमध्ये, फ्लॅट मृत्युपत्राने पुढे त्याच ट्रस्टकडे. प्राप्तिकराच्या दृष्टीने ट्रस्टचा प्रकार महत्त्वाचा ठरतो, सीएला मसुदा दाखवल्याशिवाय सही करू नका.

ट्रस्ट डीडमध्ये त्यांनी मुलाचा दिवस लिहिला आहे. सकाळी किती वाजता उठतो, कुठल्या थेरपीला जातो, कुकरच्या शिट्टीचा आवाज सहन होत नाही, झोपताना पंखा एक नंबरवरच लागतो. विश्वस्त तीन: मावशी, एक चुलतभाऊ आणि वडिलांचे जुने सहकारी. एक गेला तर पुढचा कसा नेमायचा हेही लिहिलं आहे. विश्वस्त फक्त भावंडांतलेच ठेवू नका, आणि एकच तर मुळीच नको.

याशिवाय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे त्याचा अर्ज करायचा. ट्रस्ट पैशांचं बघतो, पालकत्व माणसाचं. दोन्ही करा.

बक्षीसपत्राचा पर्यायही लोक सुचवतात. राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. स्वस्त आहे, पण दिलं की ते तुमचं राहत नाही. राहतं एकमेव घर हयातीत देऊ नका, मुलं कितीही चांगली असली तरी.

९. कुठे ठेवायचं, कधी बदलायचं

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरला जोड नाव किंवा नॉमिनी असल्याची खात्री करा, नाहीतर लॉकर उघडायलाच वारसांचे कागद मागतील. आईची मूळ प्रत एक्झिक्युटर मामेभावाकडे पाकिटात आहे, झेरॉक्स आमच्या दोघांकडे. वही, म्हणजे ती यादी, स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात, आणि ती तिथे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

घर विकलं, नवीन घेतलं, लग्न, घटस्फोट, नातवंड, एक्झिक्युटर किंवा लाभार्थी गेला, की मृत्युपत्र काढून वाचा. छोटा बदल पुरवणीने होतो, पण तिलाही दोन साक्षीदार लागतात. माझं मत विचाराल तर पुरवण्या जोडत बसण्यापेक्षा नवं पूर्ण मृत्युपत्र करा. मूळ कागदावर पेनने नाव खोडून दुसरं लिहू नका. आमच्या नात्यात एका आजोबांनी तसं केलं होतं, आणि त्या एका खोडलेल्या ओळीवर दोन भावांनी वेगवेगळे वकील केले.